शेवटच्या स्क्रूपर्यंत

बर्फवाल्या अप्पांपुढं ‘गाडी दुरुस्त करणं’ असं म्हणायची सोय नव्हती. ‘दुरुस्त मेकॅनिक करतो,’ ते म्हणायचे. ‘मी गाडी उभी करतो.’

आता उभी करायची तर आधी ती पार आडवी व्हायला हवी. दारं निघणार, काचा निघणार, सीटा निघणार, इंजिन साखळीनं उचलून लाकडी ओंडक्यांवर जाऊन बसणार. खाटकानं वाटे मांडावेत तसे शेडभर भाग मांडलेले. मग एकेक भाग हातात घ्यायचा, रॉकेलमध्ये बुडवायचा, घासायचा, गंज खरवडायचा, आणि कारखान्यातून निघाला त्या दिवशी जसा असेल तसा करूनच खाली ठेवायचा. स्क्रूच्या खाचेत घाण राहिलेली त्यांना चालत नसे. तो स्क्रू सीटखाली जाणार असला, जन्मात कुणाला दिसणार नसला, तरीही. कुणी हसलं तर म्हणायचे, ‘तुला नाही दिसणार. मला ठाऊक असतं ना.’

अप्पांची सगळी नोकरी बर्फाच्या कारखान्यात गेली. कॉम्प्रेसरवर होते. अमोनियाच्या वासात आणि ओल्या फरशीवर माणूस आयुष्य काढतो तेव्हा त्याची बोटं कायमची गारठतात, तशी त्यांची गारठली होती. हातात हात दिला की मेलेला मासा धरल्यासारखं वाटायचं. बर्फाच्या धंद्यात आज केलेलं उद्या पाणी. लाद्या पाडायच्या, गाडीवर चढवायच्या, बाजारात पोचेपर्यंत कोपरे विरघळलेले. त्यामुळं असेल, पण घरी आल्यावर त्यांना न विरघळणारं काहीतरी लागायचं. भंगारात निघालेल्या जुन्या मोटारी ते कुठून कुठून ओढून आणत आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं त्यांच्या मागं लागत. आमचं घर समोरच. त्यांच्या कानशीचा आवाज आमच्या चहात पडायचा म्हणा ना. वजनदार काही धरायचं असलं की हाक मारायचे, आणि मी जाऊन धरायचो.

गंमत अशी की पुरी झालेल्या गाडीत त्यांना काडीचा रस नसे. गल्लीच्या तोंडापर्यंत एकदा नेऊन आणायची, चादर घालायची, मग ती कुणा हौशी माणसाकडं जायची आणि अप्पा दुसऱ्या गंजक्या सांगाड्यापुढं उकिडवे बसायचे. काकू, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची, ‘आजारी असेतोवर सेवा. बरी झाली की कोण तू, कोण मी.’

एका गाडीला मात्र त्यांना कुणी हात लावू दिला नव्हता. ती त्यांच्या दाजींची.

अप्पांची थोरली बहीण अक्का दोन गल्ल्या पलीकडं राहायची. तिचे मालक शिलाई मशीनच्या सुया, बॉबिनी, पट्टे असलं सामान घेऊन दुकानोदुकानी फिरायचे. त्यांची गाडी लांब नाकाची, पाठीला कुबड असलेली, शेवाळी रंगाची. लेक लग्न होऊन लांब गेल्यावर अक्काही फेरीवर निघायला लागली. सुयांच्या पेट्या मांडीवर घेऊन दाजींच्या शेजारी बसायची ती संध्याकाळीच उतरायची. दाजी गाडीला फार जपत असत अशातला भाग नाही. टायर फुटेपर्यंत वापरायचे, आरसा मोडला तर दोरीनं बांधायचे. अप्पांना ते बघवत नसे. दर भेटीत त्यांची नजर त्या गाडीवरून फिरायची आणि जीभ सुटायची.

‘दाजी, एकदा माझ्याकडं सोडा.’

‘तुमच्याकडं?’ दाजी हसत. ‘मेहुणे, तुमच्याकडं आलेली गाडी चार वर्षं खाटेवर असते. मी सुया काय डोक्यावर घेऊन फिरू?’

दाजी गेले ते घरातच, कपातला चहा अर्धा असताना. गाडी घरालगतच्या पत्र्याखाली उभी राहिली. टायर बसले, काचांवर धूळ साठली. अक्का रोज त्या पत्र्याखालून ये-जा करायची पण दार उघडून आत बसली नाही. का बसली नाही ते कुणी विचारलं नाही. मग तिचे डोळे बिघडले.

काचबिंदू होता. आपल्याला वाटतं तो असा एकदम येत असेल. तसं नाही, तो कडेकडेनं येतो. अक्काला आधी बाजूची माणसं दिसेनाशी झाली, मग दाराच्या चौकटी. डॉक्टरांकडं गेली तोवर बरंच गेलेलं. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही, उरलंय ते औषधानं जेवढं टिकेल तेवढं टिकवू. फार दिवस टिकेल असं मी सांगत नाही.

दुसऱ्याच दिवशी ती भिंतीला हात लावत लावत शेडवर आली. मी तिथंच होतो, अप्पांनी मला एक मडगार्ड धरायला लावलं होतं.

‘अप्प्या, ह्यांची गाडी चालू करायचीय.’

अप्पांनी हातातली हातोडी खाली ठेवली. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पोराला जत्रेला नेतो म्हटल्यावर होतो तसा.

‘करतो की. आजच ओढून आणतो.’

‘ऐक आधी. नुसती चालू कर. रंग नको, सजवणं नको. तिच्यात बसून एकदा बंधाऱ्यापर्यंत जायचंय मला. आम्ही फेरीवरून येताना तिथं थांबायचो. डोळे आहेत तोवर त्या काचेतून तो रस्ता बघायचाय. एवढंच काम आहे तुझ्याकडं.’

‘कळलं.’

‘काय कळलं, सांग.’

‘अगं, चालू करायची. बंधाऱ्यापर्यंत.’

‘आणि लवकर,’ अक्का म्हणाली. ‘माझ्याकडं तुझ्यासारखी वर्षं नाहीत.’

अप्पांनी मान डोलावली. त्यांच्या मनात तेव्हा काही खोट नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. त्यांनी तेवढंच करायचं ठरवलं होतं.

इंजिन जाम झालेलं होतं. ते त्यांनी सोडवलं, कार्बोरेटर धुतला, टाकीतला गाळ काढला, नवी बॅटरी जोडली. एका दुपारी शेडमधून खोकल्यासारखा आवाज आला आणि मग ती गाडी धडधडायला लागली. मी पळत गेलो. काकूही हात पुसत आली.

‘झाली ना?’ काकू म्हणाली. ‘मग ब्रेक बघा, टायर घाला आणि न्या त्यांना उद्याच्या उद्या.’

‘हो,’ अप्पा म्हणाले.

पण ब्रेक बघायला गाडी उचलली, अप्पा खाली सरकले, आणि तिथंच घात झाला. खालचा पत्रा गंजलेला. सळईनं टोचला तर सळई आरपार. तेवढ्या जागी ठिगळ मारून भागलं असतं. दुसऱ्या कुणीही मारलं असतं. अप्पांनी ठिगळ मारायला म्हणून मॅट उचलली, मॅटखाली आणखी गंज. गंज कुठवर गेलाय बघायला सीट काढली. सीट काढली तर दाराचे कब्जे दिसले, म्हणून दारं काढली. दारं काढल्यावर रंगाखालचा जुना रंग दिसला. मी सकाळी गेलो तर इंजिन पुन्हा ओंडक्यांवर आणि गाडीचे वाटे मांडलेले.

‘अप्पा, अहो हे काय?’

‘तळच नाही रे गाडीला. अक्काला असल्या डब्यात बसवू?’

‘पण अक्का म्हणाली होती–’

‘अक्काला गाडीतलं काय कळतं!’

त्यानंतर अक्का दर आठवड्याला निरोप धाडायची, आणि दर आठवड्याला अप्पांचं एकच काम उरलेलं असायचं. आता फक्त तळ. आता फक्त ब्रेकच्या नळ्या. तळ नवा झाला म्हटल्यावर त्यावर जुनं मडगार्ड विटकं दिसायला लागलं. मडगार्ड चेपलेलं होतं ते ठोकून सरळ केलं, त्यावर खळगे बुजवायला लांबी भरली, घासली, पुन्हा भरली. सगळ्या डेंटरांसारखेच अप्पा डोळे मिटून तळव्यानं पत्रा तपासायचे. डोळ्याला सरळ दिसणारा पत्रा हाताला लाटेसारखा लागतो. लाट लागली की पुन्हा घासायचा. दिवस कसे जातात ते या कामात कळतच नाही, आणि अप्पांना तर नाहीच नाही.

सीट गादीवाल्याकडं गेली. आमचा गादीवाला बोलका. सीट उलटीपालटी करून म्हणाला, ‘अप्पा, ड्रायव्हरच्या जागेला चांगलाच खड्डा पडलाय. वरून नवं कापड मारून देतो, आतलं राहू दे. बसणाऱ्याचं बूड ओळखते ही.’

‘सगळं काढ,’ अप्पा म्हणाले. ‘स्प्रिंगा नव्या, काथ्या नवा. नव्यासारखी टणक पाहिजे.’

स्टेअरिंगचं चाकही त्यांनी सोडलं नाही. दाजींचे हात ज्या दोन जागी असायचे तिथलं काळं कवच झिजून बोटांना खाचा झाल्या होत्या. त्या भरल्या, घासल्या, सगळं चाक एकसारखं गुळगुळीत केलं. मला दाखवायला आणलं. ‘बघ, कुठं होतं ते सापडव.’ मला सापडलं नाही. ते खूश झाले.

एकदा अक्का स्वतः आली. शेडच्या दारात उभी राहिली. तोवर तिचं बघणं म्हणजे नळीतून बघितल्यासारखं झालं होतं. मान इकडून तिकडं हलवत ती गाडी शोधत होती, आणि गाडी नव्हतीच. सांगाडा होता.

‘अप्प्या, कुठाय?’

‘ही काय. अगं अशी होईल ना, की दुकानातून आणली त्या दिवशी दाजींनी जशी बघितली असेल–’

‘मी तेव्हा नव्हते,’ अक्का म्हणाली. ‘माझं लग्न झालं तेव्हा ती जुनीच होती.’

अप्पा हसले. त्यांना वाटलं ती थट्टा करतेय. ती गेल्यावर काकूनं कंबरेवर हात ठेवले.

‘अहो, डोळे जाताहेत त्यांचे. तुम्हाला दिसतंय का?’

‘म्हणून तर घाई करतोय.’

‘ही घाई? गोगलगाय सासरी निघाली असती तर एव्हाना बाळंत होऊन माहेरी आली असती!’

घाई ते खरंच करत होते. जेवण शेडमध्ये मागवायचे, बोटं फुटली होती, झोप उडाली होती. पण त्यांची घाई म्हणजे पुढचा स्क्रू घासायची घाई. एखादा भाग सोडून द्यायचा, तसाच लावायचा, हे त्यांना आतून जमतच नव्हतं. शाकाहारी माणसाला चाखून बघ म्हणावं तसं.

रंगाचा दुसरा हात चालू होता तेव्हा अक्काकडून निरोप आला नाही. काकू बघायला गेली. अक्का स्वयंपाकघरात उभी होती आणि पेल्यात पाणी ओतत होती. पाणी पेल्याशेजारी ओट्यावर पडत होतं, ओट्यावरून खाली तिच्या पायांवर. ती ओतत राहिली होती. काकूनं हात धरला तेव्हा म्हणाली, ‘कालपासून उजेड आहे एवढंच कळतंय. अप्प्याला सांगू नको, घाईत रंग बिघडवेल.’

काकूनं तसंच्या तसं येऊन सांगितलं. अप्पा शेडमध्येच खाली बसले. रंगाचा पिचकारा हातातच होता. बराच वेळ बसले, मग उठून त्यांनी तिसरा हात मारला. दुसरं काय करणार होते?

गाडी झाली. खोटं कशाला बोला, अशी गाडी मी आजवर बघितली नाही. शेवाळी रंग असा की वरून पाणी ओतलं तर ते थांबायलाच तयार नाही. दरवाजा एका बोटानं ढकलला तर हळूच ‘टक्’ करून लागायचा. इंजिनचा आवाज यायचा की नाही ते कान टेकून ऐकावं लागायचं. अप्पांनी धुतलेला सदरा घातला, मला मागं बसवलं आणि गाडी अक्काच्या दारात नेली.

ती बाहेर आली. तिनं हात पुढं केला तो बोनेटला लागला. बोनेटवरून हात फिरवत ती बाजूनं निघाली. मडगार्डपाशी थांबली, तिथं तळवा खालीवर केला, काहीतरी शोधल्यासारखा. मग आणखी पुढं. अप्पांनी दार उघडून दिलं, तिला हाताला धरून बसवलं, दार हलकेच लावलं, आणि फेरी मारून स्वतः स्टेअरिंगवर बसले.

अक्कानं श्वास घेतला.

‘वास कसला येतोय?’

‘रंगाचा. नवा आहे ना. जाईल.’

तिनं सीट चाचपली. मग समोर काचेखालच्या पट्टीवर हात ठेवून तो एका जागी नेला, तिथून थोडा बाजूला, परत तिथं. मग हात लांब करून अप्पांच्या समोरचं चाक धरलं. बोटं चाकावरून सगळीकडून फिरून आली.

‘अप्प्या, कुणाची गाडी आणलीस?’

‘अगं दाजींचीच. नंबर तोच आहे, हात लावून बघ हवं तर.’

बाहेरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

‘छान केलीयस,’ ती म्हणाली. पाहुण्यांच्या घरी चहाला नावं ठेवायची नसतात तशा आवाजात. ‘कष्ट घेतलेस. आता मला उतरव.’

‘बंधाऱ्यावर जायचंय ना?’

‘परक्याच्या गाडीतून कशाला जाऊ? उतरव.’

तिला उतरवलं. भिंत धरून आत गेली आणि आतून कडी लावली. अप्पा त्या नव्या सीटवर बसून राहिले, दोन्ही हात चाकावर. गाडी चालू होती की बंद, तेही कळत नव्हतं.

त्यानंतर अप्पांनी जे केलं ते तुम्ही कुणाला सांगाल तर हसतील. ते गादीवाल्याकडं गेले आणि जुनी सीट मागितली. गादीवाला म्हणाला, ‘ती कुठली आता? काथ्या पेटवला, स्प्रिंगा भंगारात दिल्या. तुम्हीच म्हणालात सगळं काढ.’

‘मग या नव्या सीटला खड्डा पाडून दे.’

गादीवाल्यानं त्यांच्या तोंडाकडं बघितलं. ‘अप्पा, खड्डा शिवायचं मशीन नाही माझ्याकडं.’

घरी येऊन त्यांनी वाळूची दोन पोती भरली आणि ड्रायव्हरच्या सीटवर ठेवली. रोज सकाळी पोती काढून हातानं बघायचे. सीट पुन्हा फुगून वर. नवं काम चोख होतं ना! मग पॉलिश पेपर घेऊन स्टेअरिंगला बसले. दाजींच्या खाचा कुठं होत्या ते त्यांना पक्कं आठवत होतं, डाव्या हाताची रुंद, उजव्याची खोल. त्या जागा घासल्या. झाल्यावर बघितलं तर उंदरानं कुरतडल्यासारखं दिसत होतं. काकू शेडच्या दारातून बघत होती.

‘आता जुनं करायला बसलात का?’

अप्पांनी हातातला पॉलिश पेपर पालटला.

‘इतकी वर्षं मी म्हणत आले, काहीतरी अर्धवट सोडा कधीतरी. माझं सोडा. पण त्यांनी तुमच्याकडं मागितलं काय आणि तुम्ही दिलंत काय? अहो, पाणी मागणाऱ्याला तुम्ही विहीर बांधून दिलीत, आणि तोवर माणूस तहानेनं गेला.’ तिचा आवाज चढला होता तो एकदम खाली आला. ‘ती पोती काढा. आणि जा तिच्याकडं. गाडी नेऊ नका. नुसते जा.’

‘जाऊन काय सांगू?’

‘ते तुमचं तुम्ही बघा. भाऊ तुम्ही आहात.’

ते चालत गेले. मला बरोबर घेतलं, कारण एकट्यानं जायचं धाडस नव्हतं. तसं ते म्हणाले नाहीत, म्हणाले, ‘तू मोकळाच आहेस ना?’

अक्कानं दार उघडलं. आम्ही बसलो. अप्पांनी गुडघ्यांवर ते गार हात ठेवले आणि जमिनीकडं बघत म्हणाले, ‘चुकलं माझं. तू चालू कर म्हणालीस. चालू झाली होती, अक्का. तुझे डोळे होते तेव्हा चालू झाली होती.’

हे तिला ठाऊक नव्हतं. तिचा चेहरा हलला नाही, पण मांडीवरचे हात एकमेकांत गेले.

‘कधी?’

अप्पांनी सांगितलं. ती ऐकत राहिली. मला वाटलं आता ही उठेल आणि याला घराबाहेर काढेल. काढलं असतं तरी कोण काय बोलणार होतं! पण ती म्हणाली, ‘काय काय काढलंस?’

‘म्हणजे?’

‘गाडीतून. काय काय काढून टाकलंस ते सांग. एकेक सांग. तू सगळं बघतोस, स्क्रूसुद्धा बघतोस. मग काढताना बघितलं असशील ना?’

अप्पा सांगायला लागले. आधी अडखळत. मग त्यांचा तो आवाज लागला, कामाचा. क्लचचं पेडल, ते एकाच कडेनं झिजलेलं. ‘तिरका पाय ठेवायचे हे,’ अक्का म्हणाली, ‘अंगठ्याला कुरूप होतं.’ खिडकीची कड, तिथला रंग उडून पत्रा चांदीसारखा झालेला. ‘कोपर. उन्हाळ्यात भाजायचं तरी तिथंच.’ आरशाची दोरी, सुतळी नव्हे, मशीनचा पट्टा कापून केलेली, तिला तीन गाठी. ‘पहिली माझी. दोन ह्यांच्या, माझ्या गाठीवर भरवसा नव्हता.’ मागच्या सीटच्या फटीत सुया निघाल्या होत्या, मूठभर. डिकीच्या झाकणावर आतून खडूच्या रेघा होत्या, पुसट. त्या कसल्या ते तिलाही माहीत नव्हतं.

‘आणि तुझ्या बाजूला,’ अप्पा म्हणाले, ‘तळाचा पत्रा खाली गेला होता. वाटीएवढा. आधी मला वाटलं गंज. खरवडला तर पत्रा चांगला, नुसता दबलेला. काहीतरी जड ठेवलं असेल म्हटलं. डाव्या नाही, उजव्या पायाच्या जागी.’

अक्का हसली. त्या घरात दाजींनंतर मी ऐकलेलं ते पहिलं हसू.

‘ब्रेक होता तो माझा.’

‘काय?’

‘हे फार जोरात न्यायचे. समोर काही आलं की मी पाय दाबायचे. माझ्या बाजूला कुठला ब्रेक! पण दाबायचे. हे म्हणायचे, एक दिवस खाली पाय जाईल तुझा आणि रस्त्यावरून चालत येशील.’

हसता हसता तिनं पदरानं डोळे पुसले. बघायला उपयोग नसला तरी रडायला तेच होते. अप्पांनी तिकडं बघितलं नाही.

‘तो खड्डा मी कापून फेकला, अक्का.’

‘हो. फेकलास.’ तिनं ‘असू दे’ म्हटलं नाही. तसं म्हणणारी बाई ती नव्हे. मग म्हणाली, ‘जा, घेऊन ये.’

‘काय?’

‘गाडी, मूर्खा. आता मी कुठं वाट बघत बसू?’

अप्पा धावत गेले. त्यांना धावताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

बंधाऱ्यापर्यंतचा रस्ता अप्पांनी अंड्यांची टोपली नेल्यासारखा काढला. मी मागं होतो. गावाबाहेर पडल्यावर अक्कानं काच खाली घ्यायला लावली. मग सांगायला लागली, ‘आता उतार येईल.’ उतार आला. ‘चढाला दुसऱ्यात टाक, पहिल्यात नको, हे दुसऱ्यातच काढायचे.’ अप्पांनी दुसऱ्यात टाकली, गाडी धापा टाकत चढली, पण चढली. पुढं एक वळण होतं. वळणावर समोरून ट्रॅक्टर आला आणि अप्पांनी जरा उशिरा बघितला. अक्कानं ट्रॅक्टरचा आवाज ऐकला आणि तिचा उजवा पाय खाली दाणकन आपटला. गाडी थांबली, ती अप्पांच्या पायानं, पण कुणी सांगावं.

बंधाऱ्यावर ती उतरली नाही. आत बसूनच तिनं विचारलं, ‘पाणी आहे?’

‘आहे.’

‘आणि?’

अप्पा बघत राहिले. जन्मभर ते वीतभर अंतरावरचं बघत आले होते. ‘पलीकडं झाडं आहेत,’ ते म्हणाले. ‘एक माणूस म्हैस धुतोय. म्हैस बाहेर यायला तयार नाही.’

‘अजून?’

‘पाण्यावर... वारा आहे. एका बाजूलाच आहे. दुसऱ्या बाजूचं पाणी तसंच्या तसं.’

अक्कानं मान हलवली. ते तिला दिसलं की नाही हे मला सांगता येणार नाही. म्हशीनं आणि त्या माणसानं आपला वेळ घेतला, आम्ही आमचा घेतला.

परत आलो तेव्हा दारापाशी अप्पा तिला उतरवायला वळसा घालून निघाले, तर ती म्हणाली, ‘राहू दे, माझी मी उतरते.’ चाचपत कडी शोधली, पाय खाली ठेवला, उभी राहिली. जुनं दार हलक्या हातानं लागत नसे, ते सगळं अंग घालून लोटावं लागे, आणि तिच्या अंगात तेच होतं. एक पाऊल मागं होऊन तिनं दोन्ही हातांनी दार असं आपटलं की नव्या काचा थरारल्या, आत काहीतरी खळकन् सुटून खाली पडलं, आणि चौकटीच्या कोपऱ्यावरचा रंगाचा टवका उडून अप्पांच्या चपलेपाशी येऊन पडला.

मी अप्पांकडं बघितलं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या.

‘लागलं का रे?’ अक्कानं विचारलं.

अप्पांनी वाकून टवका उचलला, बघितला, आणि खिशात न टाकता पुन्हा खाली सोडून दिला.

‘लागलं, अक्का,’ ते म्हणाले. ‘नीट लागलं.’